तीन फूट, तीन सेकंद

माझ्या हातात चहाचा कप टिकत नाही. घेते, एक घोट पिते, खाली ठेवते. पुन्हा उचलते, पुन्हा ठेवते. सासूबाई होत्या तोवर त्यांना वाटायचं, सुनेला चहा आवडत नाही पण सांगायला लाजते. नवऱ्याला वाटतं मला संधिवात आहे. मुलीला काहीच वाटत नाही, ती फोनमध्ये असते. खरं कारण आमच्या नेटबॉलच्या बाई. डोंबिवलीच्या मुलींच्या शाळेत त्यांनी मला गोलकीपर म्हणून उभं केलं आणि माझी जी मोडतोड केली ती पन्नाशी उलटली तरी दुरुस्त झालेली नाही.

नेटबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे जवळपास सगळ्यांसाठीच सांगते. दिसायला बास्केटबॉलसारखा, पण रिंगमागे बोर्ड नाही. चेंडू घेऊन पळायचं नाही, आपटत न्यायचा नाही. हातात आला की तीन सेकंदांच्या आत दुसरीला द्यायचा. आणि जिच्या हातात चेंडू आहे तिला अडवायचं तर तीन फूट लांब उभं राहून अडवायचं. झाला खेळ. जगातल्या इतर बायका हे नियम मैदानावर पाळत असतील आणि घरी जाऊन भाजी चिरत असतील. आमच्या बाई भाजीसुद्धा नियमाने आणायच्या.

बाजारात एखादी अनोळखी बाई भेंडी हातात घेऊन विचार करत उभी असली की मागून, अर्थात तीन फुटांवरून, आवाज यायचा. "धरून काय ठेवलीत? तीन सेकंद झाले. घ्या, नाहीतर मागच्यांना द्या." बाई घाबरून अर्धा किलो घ्यायची. भाजीवाले आमच्या बाईंना कोथिंबीर फुकट द्यायचे ते उगीच नाही.

रॉकेलच्या रांगेत मात्र उलटं व्हायचं. पुढच्या माणसापासून तीन फूट सोडून बाई उभ्या राहणार. एवढी मोकळी जागा दिसल्यावर डोंबिवलीचा माणूस तिथे शिरल्याशिवाय राहील का? तो शिरायचा. मग बाई त्याच्यापासून तीन फूट मागे सरकायच्या. तिथे आणखी एक शिरायचा. सकाळी पहिल्या आलेल्या बाई दुपारपर्यंत रांगेच्या शेपटीला असायच्या, रिकामा डबा पायाशी ठेवून, चेहऱ्यावर पूर्ण समाधान. मी एकदा म्हटलं, "बाई, अशानं तुम्हाला रॉकेल मिळणार कधी?" तर म्हणाल्या, "त्यांचा फाउल आहे. माझा नाही." त्या महिन्यात त्यांनी आमच्याकडून दोन बाटल्या रॉकेल नेलं. तेही दाराबाहेरूनच.

दिसायला बाई म्हणजे एक शिट्टी आणि तिच्यामागे बाकीच्या बाई. सुती पाचवारी, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. बूट वर्गातल्या खडूने पांढरे केलेले, त्यामुळे त्या चालल्या की मागे धुरळा उडायचा. शिट्टी काळ्या दोऱ्यात, झोपतानाही गळ्यात असावी असा आमचा अंदाज. कुणाच्या घरी मयत झालं तरी बाई जायच्या, दारात उभ्या राहायच्या, म्हणायच्या, "दुःख धरून ठेवू नये. पुढे द्यावं." आणि निघून जायच्या. पुढे म्हणजे कोणाला द्यायचं, हे त्या घरातल्यांना कधीच कळायचं नाही.

खेळाडू म्हणून माझ्याबद्दल त्यांचं मत एकच होतं.

"गोलकीपर, उडी मार."

"मारली बाई."

"कधी?"

बाईंच्या तोंडी माझं नाव गोलकीपरच राहिलं. माझ्या लग्नपत्रिकेवरचं नाव वाचून त्यांनी वडिलांना विचारलं होतं, "ही कोण?"

लग्नावरून आठवलं. ते लग्नही त्यांच्यामुळेच ठरलं. मला बघायला ठाण्याची मंडळी आलेली. पोहे झाले, प्रश्न झाले, मला गाता येत नाही हे दोन्ही बाजूंनी मान्य झालं. मुलाची आई मुलाला म्हणाली, "मग काय रे, काय म्हणतोस?" मुलगा पोह्यांच्या बशीकडे बघत बसला. आमच्याकडचे सगळे त्याच्याकडे बघत बसले. नेमक्या त्याच वेळी बाई आमच्याकडे ठेवलेले शाळेचे चेंडू न्यायला आल्या होत्या आणि आमच्या उंबऱ्यापासून ठरलेल्या अंतरावर उभ्या होत्या. बाहेरून आवाज आला, "तीन सेकंद झाले."

मुलगा दचकून म्हणाला, "हो."

तोच माझा नवरा. आज इतक्या वर्षांनीही पाहुण्यांना सांगतो, "मला वाटलं पोलीस आलेत."

आता आमच्या आत्याबद्दल सांगायला हवं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्याच घरी राहायची, आणि आमच्या भागातल्या महिला मंडळाची अध्यक्ष होती. निवडणूक कधी झाली नाही, कारण आत्याच्या समोर उभं राहायला कोणी तयार नसे. आत्याचा नियमही एकच होता, आग्रह. तिच्या पंगतीतून माणूस उठत नसे, उचलावा लागे. "नको" हा शब्द तिला ऐकूच यायचा नाही, बाकी कान तिखट होते.

संक्रांतीला आत्याचं हळदीकुंकू मोठं असायचं. सगळा माळा लोटायचा. आणि नेमकी तीच आमच्या सरावाची वेळ. आम्ही मुली तिळगुळाच्या ताटाभोवती रेंगाळलेल्या असायचो आणि बाई आम्हाला न्यायला यायच्या. उंबऱ्याबाहेर तीन फुटांवर उभ्या. "चला गं." एवढंच. बाईंचं लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत यजमान गेलेले. आत्याच्या हळदीकुंकवाला कुणी यायचं आणि कुणी नाही, हे फार आधीपासून ठरलेलं होतं, आणि ते ठरवताना आत्याने काही वेगळा विचार केला असेल असं मला वाटत नाही. जगाचं होतं तेच तिचं होतं. ती आत, बाई बाहेर. आत्या "या" म्हणायची नाही. बाई पुढे यायच्या नाहीत. एरवी जगात कोणाशीच न पटणाऱ्या या दोघींचं त्या तीन फुटांवर मात्र एकमत होतं.

लग्न करून मी ठाण्याला खोपटला आले, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत. वाटलं, सुटले. मुलगी झाली, बँकेतली नोकरी सुरू होती, दिवस बरे चालले होते. एक दिवस सकाळी दार उघडलं तर समोर, दारापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर, बाई.

"गोलकीपर, तुला इंग्रजी येतं ना?"

मी बँकेत इंग्रजी पत्रं टाइप करायचे. त्याला इंग्रजी येणं म्हणत नाहीत, पण बाईंना नाही कोण म्हणणार.

झालं होतं असं. आशियातल्या काही देशांच्या मुलींच्या संघांची नेटबॉलची स्पर्धा दिवाळीनंतर ठाण्यात भरायची होती. परदेशचे संघ, झेंडे, राष्ट्रगीतं, सगळं. बाई इतकी वर्षं जिल्ह्याच्या, राज्याच्या सामन्यांत शिट्टी वाजवत आलेल्या. या स्पर्धेत त्यांना पंच म्हणून एक सामना मिळाला होता. फक्त एक, सिंगापूर विरुद्ध हाँगकाँग. बाहेरून एक परीक्षक येणार, सामनाभर बाईंकडे बघणार, आणि तिला पसंत पडलं तर बाईंना आंतरराष्ट्रीय पंचाचा बिल्ला मिळणार. मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या. एकदा शाळा सुटली की त्यांचं नाव पुढे पाठवायला कोणी उरणार नव्हतं.

"म्हणजे ही पहिली संधी," मी म्हटलं.

"आणि शेवटची," बाई म्हणाल्या. "चल, बाहेर ये. पळायचंय."

पंचाला मैदानाच्या कडेने आडवं पळावं लागतं, नजर खेळावर ठेवून. बाईंनी त्यासाठी तलावपाळी निवडली. रोज सकाळी बाई तळ्याच्या कडेने खेकड्यासारख्या आडव्या पळणार, आणि मी बाजूच्या रस्त्यावरून चेंडू होऊन चालणार. चेंडू म्हणजे मीच, कारण खरा चेंडू तळ्यात पडेल ही भीती. कडेवर माझी मुलगी. येणारेजाणारे थांबून बघायचे. ओळखीच्या एका काकांनी नवऱ्याला विचारलं, "घरात काही बाधा वगैरे आहे का?" वर बाईंची शिट्टी. "गोलकीपर, पोर कधीपासून धरून ठेवलंयस? दे कुणाला तरी." मी एका भेळवाल्याकडे मुलगी दिली आहे, हे सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

"आणि परीक्षक काही बोलली तर बाई? इंग्रजीत?"

"तू आहेस की. आणि शिट्टीला भाषा नसते."

इथपर्यंत मी सहन केलं असतं. पण आयोजकांनी पाहुण्यांच्या स्वागतासाठी ठाणे-डोंबिवलीतली महिला मंडळं बोलावली, आणि आत्या आली.

सामन्याच्या सकाळी स्टेडियमच्या दारात टेम्पोतून मंडळाच्या बायका उतरल्या, नऊवारीत, नथीत. सगळ्यात शेवटी उतरलं एक मोठं पातेलं.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"दही-साखर."

"आत्या, हा सामना आहे."

"मग? परीक्षेला जाताना तुझ्या हातावर देत होते की नाही? परमुलखातल्या पोरी, आईबापांपासून लांब, एवढ्या मोठ्या कामाला निघाल्यात, आणि त्यांच्या हातावर कुणी दही घालायचं नाही? टिटवाळ्याच्या गणपतीला दोन्ही देशांच्या नावाने नारळ बोललेय मी."

दोन्ही देश कसे जिंकणार, हे विचारायला मला वेळ नव्हता. मैदानात सामना सुरू व्हायच्या आधीची तपासणी चालली होती. नेटबॉलमध्ये पंच आधी खेळाडूंचे हात बघतात. नखं वाढलेली नाहीत ना, बोटात अंगठी नाही ना. बाई एका टोकाने निघाल्या, एकेकीच्या हातावर नजर टाकत, तीन फुटांवरून, तरी एका मुलीचं अर्धं वाढलेलं नख त्यांनी ओळखलं. दोन्ही संघांच्या मुली रांगेत उभ्या, तळहात पुढे केलेले.

आणि हे आत्याने पाहिलं. मुलींची अख्खी रांग, प्रत्येकीचा हात पसरलेला. आत्याला आयुष्यात एवढं स्पष्ट आमंत्रण कुणी दिलं नव्हतं.

मी "आत्या" म्हणेपर्यंत ती पातेलं आणि दोन बायका घेऊन मैदानात पोचली होती. पहिल्या तळहातावर चमचाभर दही. दुसऱ्या. तिसऱ्या. सिंगापूरची कप्तान हातातल्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत राहिली. आत्ताच पंचांनी हात बघितले, लगेच हातावर हे आलं. तिला वाटलं असणार, नियमातलंच काहीतरी दिसतंय, चेंडूवर पकड राहावी म्हणून. तिने दोन्ही हात एकमेकांवर घासले. अगदी नीट, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. तिचं बघून तिच्या मुलींनी घासले. त्यांचं बघून हाँगकाँगच्या मुलींनी. गोल करणारी एक लंबू होती, तिने कोपरापर्यंत लावून घेतलं.

मग त्यांनी अंग मोकळं करायला म्हणून चेंडू एकमेकींकडे टाकायला घेतला. साखरेने चिकट झालेला तो कुणाच्याच हातातून सुखासुखी सुटेना.

परीक्षक मॅडम उंच, पांढऱ्या केसांच्या, पांढऱ्या टोपीच्या. त्या उठून माझ्याकडे आल्या. "व्हॉट इज दॅट?"

"कर्ड, मॅडम. अँड शुगर."

"व्हाय?"

एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या बँकेच्या पत्रांमध्ये नव्हतं. "फॉर गोइंग, मॅडम," मी म्हटलं. आणि त्यांचा चेहरा बघून पुढे जोडलं, "अँड कमिंग बॅक."

बाईंनी हात धुवायला लावले. नळाला पाणी नव्हतं, तेव्हा प्यायच्या पाण्याचं पिंप ओढत आणलं. मुली धूत होत्या आणि आत्या रडकुंडीला आली होती. "अगं, खायचं असतं ते. शकुनाचं असतं. धुऊन काय टाकताय? दोन्ही देशांचं वाटोळं होईल." मुलींना शब्द कळत नव्हते, पण एक म्हातारी बाई आपल्यामुळे हवालदिल झालीय एवढं कळत होतं. कप्तान मला विचारू लागली, आमचं काय चुकलं? हळूहळू दोन्ही संघ असे उभे राहिले, जसे काही कुणाच्या देवघरात बूट घालून शिरलेत.

बाईंनी तोंडातली शिट्टी काढली. तरातरा चालत आत्यासमोर आल्या. तीन फुटांवर थांबतील म्हणून मी बघत होते. थांबल्या नाहीत. थेट पातेल्यापर्यंत आल्या आणि उजवा हात पुढे केला.

"वाढा."

आत्या बघतच राहिली. चमचा हवेत. "बाई, तुम्हाला..."

"पोरींना दाखवायचंय कसं खातात ते. वाढा लवकर. तीन सेकंदांत."

आत्याने वाढलं. सवयीने वर आणखी एक चमचा वाढला. बाईंनी तळहात उंच धरून मुलींना दाखवला, एका दमात दही चाटून टाकलं, आणि हात पदराला पुसला. मग "नाऊ यू," असं स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. मला दुभाषी म्हणून आणलं होतं. मुलींनी एकेक चमचा पुन्हा घेतला, खाल्ला, हसल्या, कुणी दुसऱ्यांदा मागितलं. आत्याच्या जिवात जीव आला. पुन्हा हात धुतले, चेंडू बदलला, आणि सामना चांगलाच उशिरा सुरू झाला.

सामना बाईंनी असा चालवला की काय सांगू. इतकी वर्षं त्या शिट्टीने माझं डोकं उठवलेलं, पण त्या दिवशी मला तिचं कौतुक वाटलं. चूक झाली रे झाली की शिट्टी. कमी नाही, जास्त नाही. दोन्ही देशांपैकी एकच जिंकला, टिटवाळ्याच्या गणपतीचा नाइलाज होता.

संपल्यावर परीक्षक मॅडमनी बाईंना बाजूला घेतलं आणि मी मध्ये उभी राहून भाषांतर केलं. निर्णय उत्तम. पळणं उत्तम. पण हात तपासून झाल्यावर खेळाडूंजवळ कुणी येणं बरोबर नाही. आलंच तर पंचाने तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. त्यामुळे उशीर झाला. तेव्हा या वेळी नाही. पुढच्या स्पर्धेत पुन्हा प्रयत्न करा.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "थँक्यू सांग त्यांना."

मी चिडले. "बाई, सांगा ना, आमच्या आत्याचा घोळ होता म्हणून. पुढची स्पर्धा कुठली आता तुम्हाला? तुम्हाला दिसलं नाही हे तरी सांगा."

"दिसलं की. तुझी आत्या पातेलं उचलून निघाली तेव्हाच दिसलं."

"मग शिट्टी का नाही वाजवलीत?"

बाई वाकून बुटावरचा दह्याचा डाग खडूने झाकत होत्या. खडू त्या खिशातच, म्हणजे कमरेच्या पिशवीत ठेवायच्या.

"तीन फूट मला लागतात," त्या म्हणाल्या. "पोरींना कशाला?"

मॅडमनी विचारलं, ती काय म्हणाली? मी म्हटलं, "थँक्यू म्हणाली."

आत्याला यातलं काही सांगायचं नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती. पण हातात आलेलं तीन सेकंदांच्या वर धरून ठेवायचं नाही, हे त्यांनीच मला इतकी वर्षं शिकवलेलं. आत्याला सोडायला मी टेम्पोत बसले आणि डोंबिवली यायच्या आत तिला सगळं सांगून मोकळी झाले. बाईंचा बिल्ला गेला, कशामुळे गेला, आणि बाई काय म्हणाल्या तेही. आत्या गप्प बसली. आमच्या घरात आत्या गप्प बसल्याची नोंद नाही, त्यामुळे वडील दोनदा येऊन तिचं कपाळ बघून गेले.

संक्रांत आली. मी माहेरी गेलेले. माळा नेहमीसारखा लोटलेला, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. त्या वर्षी आत्याने वाण म्हणून चहाच्या स्टीलच्या गाळण्या आणल्या होत्या. आणि सरावाच्या वेळेला दारात, उंबऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर, खडूचे बूट येऊन थांबले.

"मुली आहेत का आत? चला गं."

माझ्या दोघी भाच्या उठल्या. आत्या बायकांच्या गर्दीतून म्हणाली, "बाई, तीन सेकंद कधीच झाले. आत या."

बाईंनी मागे वळून बघितलं. मागे जिना होता.

"मी?"

"मग काय जिना? दारात उभं राहून फाउल कोण करतंय?"

बाईंना बूट काढायला बराच वेळ लागला. नाड्या सुटेनात. बाईंना पाय आहेत हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आत येऊन त्या अशा उभ्या राहिल्या की दोन्ही बाजूंच्या बायकांनी आपोआप सरकून घेतलं. आत्याने हळदीकुंकवाचा करंडा पुढे केला. बाईंनी मान हलवली, नको. आणि आमच्या आत्याने आग्रह केला नाही. तिळगूळ दिला, तो बाईंनी लगेच तोंडात टाकला. मग आत्याने त्यांच्या हातात गाळणी ठेवली.

बाईंनी ती घेतली आणि शेजारच्या काकूंना दिली. काकूंनी, का कोण जाणे, पुढे दिली. तिसरीने चौथीला. बघता बघता गाळणी खोलीभर फिरून माझ्याकडे आली, आणि मी नेहमीप्रमाणे सोडली. खणकन आवाज झाला.

आत्याने ती उचलली, पदराने पुसली आणि गर्दीतून वाट काढत बाईंकडे परत आणून दिली.

"अहो, हे पास करायचं नसतं. हे घरी न्यायचं असतं."

बाईंनी गाळणी दोन्ही हातांत, छातीशी धरली, चेंडू धरावा तशी. मी सवयीने मनात मोजायला लागले. तीन झाले. चार झाले. पुढचं मोजणं मी सोडून दिलं. शिट्टी बाईंच्या गळ्यातच होती, तिला कुणी हात लावला नाही.